एक जानेवारीची माणसं

काचेखालच्या फटीतून दोन निळी कार्डं एकदम आत आली.

"मावशी, एवढं बघून सांगा. मशीनमध्ये आम्ही दोघी आहोत का?"

केसपेपरबाईंनी मान वर केली नाही. मंगळवारी सव्वादहाला मान वर करायची नसते. केली की रांग दिसते.

"एका वेळी एकच कार्ड. आणि आजारी कोण आहे?"

"ती. घरी आहे. तिला उठवतच नाही."

"मग तिला घेऊन ये. कार्डाला ताप येत नसतो."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. पाठदुखीवाले काका दर मंगळवारी येत आणि दर मंगळवारी काहीतरी बोलत, ते आजही बोलले. "आधी आपल्या माणसांचं बघा, बाई. या छावणीवाल्यांचा दवाखाना वेगळा होता, तेच बरं होतं."

"काका, तुमची पाठ आठ वर्षं आहे तिथंच आहे. पाच मिनिटांत कुठं पळून जात नाही."

हे असलं बोलणं बाईंना पाठ होतं. हात आपले चालत राहत, तोंड आपलं. सव्वीस वर्षं त्या या सरकारी दवाखान्याच्या केसपेपर खिडकीत बसत होत्या. नाव त्यांना होतं, पण ते फक्त पगारपत्रकावर. बाकी सगळ्यांसाठी त्या केसपेपरबाई, आणि दवाखान्यातल्यांसाठी ताई.

छावणी गावाबाहेर पंधरा वर्षांपासून होती. सीमेपलीकडून पळून आलेली माणसं, त्यांचे पत्रे, त्यांचे नळ, त्यांची शाळा, त्यांचा दवाखाना, सगळं कुंपणाच्या आत. दवाखाना परदेशातली एक संस्था चालवायची. चार महिन्यांपूर्वी संस्थेनं तंबू गुंडाळला आणि वरून आदेश आला की छावणीतल्या माणसांना यापुढे सरकारी दवाखान्यात इतरांसारखंच बघायचं. 'इतरांसारखंच' म्हणजे तीच रांग, तोच मोडका बाक, बंद पडलेला तोच पंखा. याला बाईंची ना नव्हती. माणूस आजारी आहे, येऊ दे. अडलं ते मशीनपाशी. मशीनला जन्मतारीख पुरी लागायची, दिवस, महिना आणि वर्ष. छावणीच्या निळ्या कार्डावर नुसतं वर्ष. जागा रिकामी सोडली तर मशीन पुढं सरकेना. पहिल्या दिवशी दीडशे माणसं दारात उभी, लेकरं रडतायत. मग बाईंनी सगळ्यांना एक जानेवारी लावून टाकली. एका सकाळी दीडशे माणसं नव्यानं जन्माला घातली, असं त्या घरी हसत सांगायच्या.

"मावशी," मुलगी म्हणाली, "बघताय ना?"

बाईंनी पहिल्या कार्डावरचं नाव टाईप केलं. स्क्रीनवर एक ओळ आली. दुसऱ्या कार्डावरचं नाव टाईप केलं. तीच ओळ आली.

तेव्हा त्यांनी मान वर केली.

पंधरा वर्षांची मुलगी होती. वेणी अर्धीच घातलेली, घाईत सोडून दिल्यासारखी.

"तुम्हा दोघींचं नाव एकच?"

"आजीचं नाव. आमच्यात पहिल्या नातीला आजीचंच नाव देतात. मी माझ्या बाबांची पहिली, ती काकांची पहिली. इकडं पळून येताना वाटेतच झालो दोघी, तीन दिवसांच्या अंतरानं. मी थोरली, ती धाकटी. घरात तसंच म्हणतात."

नाव एक, बापाच्या जागी लावलेलं आजोबांचं नाव एक, आडनाव एक, वर्ष एक. आणि दिवस नि महिना बाईंनी स्वतःच्या हातानं दिलेला.

"शुक्रवारी ती इन्सुलिन घ्यायला आली होती," थोरली भरभर बोलू लागली. "औषधवाले म्हणाले, तुझ्या नावावर इन्सुलिन नाहीच. रक्तवाढीच्या गोळ्या आहेत, त्या तू दोन तारखेला नेल्यास. त्या मी नेल्या होत्या, मावशी! शनिवारी ती परत आली, परत तेच. रविवारी बंद होतं. काल सकाळपासून उलट्या. आता हाक मारली तर नुसती बघते."

"तिच्याकडचं कधी संपलं?"

"गुरुवारी. त्याच्या आधीपासून थोडं थोडं घेत होती, पुरावं म्हणून."

बाईंनी टेबलाखाली बोटं मोजली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. मंगळवारपर्यंत पोचायला दुसरा हात लागला. त्या नर्स नव्हत्या. पण सव्वीस वर्षं दवाखान्याच्या तोंडाशी बसल्यावर इन्सुलिनवरचं पोर इन्सुलिनविना किती दिवस राहतं, एवढं कळतं.

आणि दुसरंही कळलं. मागच्या महिन्यात वरून हुकूम आला होता, दुबार नोंदी शून्यावर आणा. मशीनच जोड्या लावून दाखवायचं. नाव तेच, तारीख तीच, खाली प्रश्न, 'एकच व्यक्ती?' हो किंवा नाही. बाईंनी एका दुपारी, चहा पीत, त्रेचाळीस वेळा 'हो' दाबलं होतं. पहिली नोंद राहिली, दुसरी पुसली गेली. जिल्ह्यातून शाबासकीचं पत्र आलं. दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी ते कौतुकानं खिडकीच्या काचेवर बाहेरून चिकटवलं होतं, लोकांना वाचता यावं म्हणून. बाईंना आतून रोज त्याची उलटी अक्षरं दिसत.

त्या उठल्या. 'बंद' ची पाटी त्यांनी काचेला लावली. अकराच्या आत ती पाटी सव्वीस वर्षांत लागली नव्हती, सासू गेली त्या दिवशीसुद्धा.

"अहो बाई!" पाठदुखीवाले काका ओरडले. "हे काय? आम्ही काय करायचं?"

"काका, रांग तुमच्या ताब्यात," बाई म्हणाल्या आणि थोरलीचा दंड धरून औषधांच्या खोलीकडं निघाल्या.

औषधवाला चाळिशीचा होता, नेटका, प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी लावणारा. त्यानं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"ताई, मशीनमध्ये नाही तर मी देऊ कसं? मागच्या वर्षी दोन बाटल्या कमी भरल्या तर सहा महिने माझी चौकशी चालली, पगार बंद. तुम्हीच डबा पाठवत होतात मला."

"मशीनमध्ये ती होती. मी काढली."

"काय केलंत?"

"दोन पोरींची एक केली."

त्यानं हातातलं खोकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "बरं, मग परत दोन करा."

"ते इथून होत नाही. वर अर्ज करायचा, आठ दिवस लागतात." बाई पुढं वाकल्या. "भाऊ, शुक्रवारी ती तुमच्यासमोर उभी होती ना? कशी दिसत होती?"

"कशी म्हणजे..." त्यानं थोरलीकडं पाहिलं, तिच्या चेहऱ्यात काही आठवतंय का बघत असल्यासारखं. "रांग होती, ताई. मी स्क्रीन बघत होतो."

डॉक्टरीणबाई वयानं बाईंच्या मुलीएवढ्या. त्यांनी बोलणं अर्ध्यातच तोडलं. "बाटली पाठवून भागणार नाही. तिला सलाईन लागेल, तासातासाला तपासावं लागेल. इथं आणा. मी तयारी करते. ताई, उभ्या काय राहिलात?"

गाडीवाला दाराशी गाडीच्या सावलीत बसून नखं कापत होता.

"छावणीत? गाडी गेटापर्यंत जाते, ताई. आत नाही."

"आदेशात काय म्हटलंय? इतरांसारखंच."

"आदेशाला टायर असतात का?" असं म्हणेपर्यंत त्यानं नखं कापायचं खिशात टाकून किल्ली फिरवली होती.

गाडीच्या मागच्या भागात दोघी समोरासमोर बसल्या. रिकामं स्ट्रेचर मध्ये खडखडत होतं. रस्ता वीस मिनिटांचा. पहिली दहा मिनिटं थोरली खिडकीतून बाहेर बघत होती. मग तिनं विचारलं, "म्हणजे तुम्ही आम्हाला एक केलं?"

"हो."

"का?"

"मशीनला तुम्ही दोघी एकच दिसलात."

"आणि तुम्हाला?"

बाईंनी खडखडणारं स्ट्रेचर हातानं धरून ठेवलं. शेवटी खरं तेच सांगितलं. "मी बघितलंच नाही गं."

थोरलीनं अर्धी राहिलेली वेणी सोडली आणि पुन्हा घालायला घेतली. गाडीच्या धक्क्यांत पेड बसेना. बाईंचे हात आपोआप पुढं गेले, पण पोरीनं पाठ फिरवली. बाईंनी हात मांडीवर परत ठेवले.

गेटावरच्या पहारेकऱ्यानं कागद मागितला. गाडी आत न्यायची परवानगी, सहीशिक्क्याची. दुसऱ्यांकडं कागद मागण्यात ज्यांचा जन्म गेला त्या बाई पदरानं तोंड पुसत खाली उतरल्या. "कागद नाही, दादा. पोरगी आहे. पंधरा वर्षांची. पाच दिवस इन्सुलिन नाही मिळालं तिला, माझ्या चुकीनं."

"असं कसं, बाई? मला विचारणारे आहेत वरती."

"मलाही आहेत. माझं नाव सांगा. केसपेपरबाई म्हणा, सगळे ओळखतात."

पहारेकऱ्यानं गाडीवाल्याकडं बघितलं. गाडीवाल्यानं गाडी आधीच पहिल्या गिअरमध्ये घालून ठेवली होती. अडसर वर गेला.

गल्ल्या अरुंद होत्या. शेवटची शंभर पावलं स्ट्रेचर हातात घेऊन जावं लागलं. पत्र्याच्या खोलीत दाराशी म्हातारी आजी बसली होती. तिच्या मांडीशी एक मडकं, मडक्यात ओली वाळू. इन्सुलिन उन्हानं खराब होऊ नये म्हणून छावणीत ते असंच ठेवत. आजीनं वाळूत हात घालून बाटली काढली आणि बाईंना दाखवली. बाटली रिकामी होती. पाच दिवस तिनं वाळूवर पाणी शिंपडून ती रिकामी बाटली थंड ठेवली होती.

धाकटी भिंतीकडं तोंड करून पडली होती. डोळे खोल गेलेले, ओठांची सालं निघालेली. श्वास मात्र मोठमोठा, भराभर, जणू ती कुठूनतरी धावत येतेय आणि अजून पोचलेली नाही. त्या श्वासाला पिकून सडायला आलेल्या फळांसारखा गोडसर वास होता. बाईंना तो वास ओळखीचा होता. वॉर्डातून तो आला की नर्सा पळायच्या.

"उचला," गाडीवाला म्हणाला. आता तो एकही विनोद करत नव्हता.

परतीच्या वाटेत त्यानं भोंगा एकदाही थांबवला नाही. थोरलीनं धाकटीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. पोरीचे डोळे मिटायला लागले तशा बाई वाकल्या आणि गालावर थापट्या मारू लागल्या. "ए पोरी, झोपायचं नाही. नाव सांग बघू तुझं. नाव काय?"

ओठ हलले. बाईंनी कान जवळ नेला.

"धाकटी," ती म्हणाली.

कार्डावरचं नाव तिनं सांगितलंच नाही.

पावणेबाराला गाडी दवाखान्यात शिरली. तातडीच्या खोलीत डॉक्टरीणबाई बाह्या सारून उभ्या होत्या. बोटाला सुई टोचून थेंब यंत्रावर घेतला. यंत्रानं आकडा दाखवायचंच नाकारलं. त्याला मोजता येईल त्याच्या पलीकडं साखर गेली होती. "सलाईन सुरू करा. दुसरी शीर बघा. ही नाही मिळत. दुसरा हात!" नर्सनं तीनदा सुई टोचली, तीनदा शीर निसटली. चौथ्यांदा लागली. बाई दारातच उभ्या होत्या. आत जायचा त्यांना हक्क नव्हता, आणि तिथून हलवतही नव्हतं.

त्यांच्या मागं औषधवाला उभा होता. हातात बर्फाची छोटी पेटी, पेटीत बाटल्या.

"मशीनचं काय करताय?" बाईंनी विचारलं.

"मशीन गेलं खड्ड्यात. जुने कागद आहेत ना तुमच्याकडं? लिहा. मीही सही करतो." मग तो हळूच म्हणाला, "सगळं तुमच्या एकट्याच्या डोक्यावर घेऊ नका, ताई. शुक्रवारी आणि शनिवारी समोर मी होतो."

खिडकीच्या कपाटात खाली, फिनेलच्या डब्यामागं, हातानं लिहायच्या केसपेपरचा शेवटचा गठ्ठा होता. मशीन आल्यावर तो रद्दीत द्यायचं ठरलं होतं. बाईंनी दिला नव्हता. त्या गठ्ठा घेऊन उठल्या तर बाहेर रांग जागेवरच होती. प्रत्येकाच्या हातात सिगारेटच्या पाकिटाचा एकेक तुकडा, त्यावर आकडा.

"नंबर वाटले मी," पाठदुखीवाले काका म्हणाले. "नाहीतर मारामाऱ्या झाल्या असत्या." त्यांनी घसा खाकरला. "पोरगी?"

"बघतायत."

"हं." काकांनी आपला तुकडा मागच्या बाईला दिला. "माझं काय, पुढच्या मंगळवारी दाखवीन."

दोनला आकडा आला नाही. तीनला आला नाही. बाई खिडकीत बसून लोकांना कागद देत होत्या, आणि दर वेळी वॉर्डाचं दार वाजलं की पेन थांबत होतं. थोरली बाकावर पाय वर घेऊन बसली होती. तिला कुणीतरी दिलेली बिस्किटं तिच्या हातात तशीच होती.

चारला नर्स दारात आली आणि तिनं फक्त बोटं दाखवली. आधी पाच, मग मूठ, मग एक. पाचशे एक. यंत्रानं अखेर आकडा दाखवला होता. पाच वाजता तो चारशेच्या खाली गेला. साडेपाचला धाकटीनं पाणी मागितलं आणि विचारलं, मडकं कुणी उपडं तर केलं नाही ना.

थोरली तेव्हा रडली. बिस्किटं खाली सांडली. बाईंनी ती गोळा केली. दुसरं काय करावं त्यांना सुचेना.

साहेबांनी त्यांना खोलीत बोलावलं. साहेब भला माणूस होता, कुणाचं वाईट न करणारा आणि कशावर सही न करणारा.

"ताई, मुलगी वाचली. झालं. आता बोभाटा कशाला? तांत्रिक चूक म्हणून एक अर्ज वर पाठवू."

"तांत्रिक नाही, साहेब. बोट माझं होतं. आणि अजून बेचाळीस जोड्या आहेत. त्यांची यादी हवी मला. छापून द्या."

"बेचाळीस?" साहेबांनी चष्मा काढला. "अहो, पुढच्या वर्षी रिटायर होताय तुम्ही. आता हे कशाला ओढवून घेता?"

"रिटायरची तारीख तरी कुठं खरी आहे? शाळेत घालताना मास्तरांनी मनानंच लावली होती. आई म्हणायची, तू थंडीतली. मास्तर म्हणाले, जूनमधली. त्यानं माझं काही बिघडलं नाही. म्हणून वाटलं, कुणाचंच बिघडत नसेल."

साहेबांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग यादी छापायला सांगितली. "घ्या. पण मला लेखी काही देऊ नका आजच्या आज."

"उद्या देते," बाई म्हणाल्या.

खिडकीपाशी येऊन त्यांनी आधी काचेवरचं शाबासकीचं पत्र नखानं खरवडून काढलं. निम्मं निघालं, निम्मं चिकटून राहिलं. मग त्या आणि थोरली बाकावर यादी मध्ये ठेवून बसल्या. धाकटी झोपली होती, या वेळी नुसती झोपच. थोरलीला छावणीतली झाडून सगळी माणसं माहीत होती. ती नाव वाचायची, बाई लिहून घ्यायच्या.

"ही एकच आहे. खरंच दोनदा लिहिलीत तिला."

"बरं. पुढं."

"हे दोघं वेगळे. आणि मावशी, हे दोघं दहा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. यांना एक केलंत?" तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. हसू म्हणता येईल इतकं नाही. बाईंनी तेवढंही पुरे मानलं.

दर वेगळ्या माणसामागं एक जुना केसपेपर. त्यावर नाव, वय, तक्रार. जन्मतारखेच्या जागी थोरलीला माहीत असेल तर ती सांगायची, नसेल तर बाई ती जागा मोकळी सोडायच्या. कागद हरकत घेत नव्हता. धाकटीची तारीख थोरलीनं पटकन सांगितली. "माझ्यात तीन मिळवा."

एकतिसाव्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"हे दोन आजोबा. एक दम्याचे, ते आहेत. दुसरे..."

"दुसरे हृदयाच्या गोळ्या नेत," बाई म्हणाल्या. यादीत पुसलेली नोंद अजून फिकट दिसत होती. "त्यांना उद्याच बोलावून घे."

"ते गेले, मावशी. मागच्या बुधवारी. सकाळी उठलेच नाहीत."

वॉर्डात कुणीतरी खोकलं. रात्रपाळीची आया बादली घेऊन जिना उतरत होती.

"गोळ्या मिळत होत्या का त्यांना?"

"काय माहीत. ते कुणाशी भांडायचे नाहीत. एकदा नाही म्हटलं की गुपचूप घरी जायचे." थोरलीनं बाईंकडं पाहिलं आणि मग घाईनं म्हणाली, "म्हातारे होते खूप."

बाईंनी गठ्ठ्यातून एक कागद काढला. पेन झटकलं. वळणदार अक्षरात, सावकाश, आजोबांचं पूर्ण नाव लिहिलं. वयाच्या जागी थोरलीच्या अंदाजानं वय लिहिलं. तक्रारीच्या जागी 'हृदय' लिहिलं.

"जन्मतारीख माहीत होती का कुणाला?"

"त्यांनाच माहीत नव्हती."

बाईंनी ती जागा मोकळी सोडली. आकडे टाकायचा जुना शिक्का शाईत बुडवून कागदावर उमटवला. शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घातली. मग तो कागद बाकीच्या कागदांखाली नीट कडेला कड लावून ठेवला.

"बत्तीस," त्या म्हणाल्या. "वाच पुढचं नाव."